घरातल्या तारखा कोणी लक्षात ठेवायच्या?

माजिवडा नाक्यावर सकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले, तर आपल्या माणसांचे दोन ओघ एकाच वेळी दिसतात. रात्रपाळी संपवून वागळे इस्टेटकडून परतणारे एका बाजूला आणि घोडबंदर रोडवरच्या मोठमोठ्या इमारतींत झाडलोट, स्वयंपाक, राखण करायला निघालेले दुसऱ्या बाजूला. बऱ्याचदा एकाच घरातली दोन माणसे या दोन ओघांत असतात. नवरा येतो तेव्हा बायको निघालेली असते. दोघांची भेट होते ती उंबऱ्यावर, आणि तेवढ्यात जे बोलणे होईल तेवढेच. 'गॅस संपत आलाय', 'पोराची फी राहिलीय', 'आईला दवाखान्यात न्यायचंय.' अशा घाईत सांगितलेली गोष्ट अर्धी कानावर पडते, अर्धी हवेत जाते.

आमच्या शेजारच्या एका घरात गेल्या वर्षी असेच घडले. घरात पहिले बाळ. वडील कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलणारी. आई बाळंतपणानंतर लवकरच एका सोसायटीत हाऊसकीपिंगच्या कामावर परत गेलेली, कारण घरभाडे थांबत नाही. बाळाला सांभाळायला आजी. बाळाच्या दहाव्या आठवड्याच्या लसीचा दिवस आला. वडिलांना वाटले, आई सुट्टी घेणार. आईला वाटले, या आठवड्यात यांची दुसरी पाळी आहे, सकाळी हेच नेतील. आजीला वाटले, आपल्याला कोणी सांगितले नाही म्हणजे दिवस अजून यायचा असेल. तीन आठवड्यांनी सिस्टरने कार्ड पाहिले तेव्हा उलगडा झाला.

बाळाला काही झाले नाही. लस उशिरा दिली गेली, एवढेच. सिस्टरने समजावून सांगितले की डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस द्यायचा आणि पुढे जायचे. हे प्रत्येक आईवडिलांनी ध्यानात ठेवावे, कारण 'आता उशीर झाला, मग जाऊन काय उपयोग' असे म्हणून घरी बसणारी कुटुंबेही आम्ही पाहिली आहेत. परंतु त्या दिवशी घरी जे झाले ते आमच्या मनाला लागले. नवरा म्हणाला, "कार्ड तुझ्याकडे होतं ना?" सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, लेकराची तारीख आईला माहीत नको का?" ती काहीच बोलली नाही. दिवसाची हजेरी बुडवून लस द्यायला गेली तीही तीच.

या घरातील कोणी वाईट नाही. परंतु आम्ही विचार करू लागलो की घरातल्या तारखा लक्षात ठेवण्याचे काम नेमके कोणाचे? गॅसची तारीख, दुधाचे खाडे, रेशन, मुलांच्या परीक्षा, जातीच्या दाखल्याचे कागद, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, सासऱ्यांच्या साखरेची तपासणी, नणंदेच्या घरचा कार्यक्रम. हे सगळे एका बाईच्या डोक्यात असते. फार तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात पेनाने केलेली खूण. 'कालनिर्णय' १९७३ साली निघाले आणि मराठी घरांच्या भिंतीवर बसले, त्याला तिथीवारांइतकेच हे मोकळे चौकोनही कारण असतील असे आम्हाला वाटते. पण भिंतीवरचे कॅलेंडर भिंतीवरच राहते. रात्रपाळीच्या माणसाच्या खिशात ते जात नाही.

चाळीतली मुलगी आणि चाळीस ओळी

आमच्याच चाळीत आय. टी. शिकणारी एक मुलगी आहे. त्या घरचे भांडण भिंतीपलीकडून तिनेही ऐकले होते. दुसऱ्या दिवशी ती त्या ताईंकडे गेली आणि म्हणाली, "ताई, कार्ड द्या जरा. तारखा मी सगळ्यांच्या फोनवर टाकते." आणि तिने चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. त्याने बाळाच्या जन्मतारखेवरून पुढच्या सगळ्या तारखा काढल्या आणि आई, वडील, आजी व कल्याणला राहणारी आत्या अशा चौघांच्या फोनमधील कॅलेंडरमध्ये आपोआप भरल्या. हे ऐकायला जादूसारखे वाटते. पण त्यात जादू नाही, हिशेब आहे, आणि तो आपल्या वाचकांना समजावा म्हणून हा लेख.

प्रथम लसींचा हिशेब पाहू. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे जन्मतःच काही लसी देतात. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट ही घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब या पाच रोगांवरची लस व तिच्यासोबत इतर लसी. पुढे ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. मग १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर. ५ ते ६ वर्षांत पुन्हा बूस्टर. म्हणजे जन्मतारखेत ४२ दिवस मिळवले की पहिली तारीख, ७० मिळवले की दुसरी, ९८ मिळवले की तिसरी. समजा, बाळ १ जानेवारी २०२६ ला, गुरुवारी जन्मले. त्याच्या तारखा येतात १२ फेब्रुवारी, १२ मार्च आणि ९ एप्रिल. तिन्ही गुरुवारच, कारण तिन्ही आकड्यांना सातने भाग जातो.

पण लसीकरणाचा वार बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. समजा, आपल्याकडे तो बुधवार आहे. मग प्रोग्रामला सांगायचे की तारीख बुधवारी येत नसेल तर पुढच्या बुधवारवर ने, मागच्या नव्हे. कारण सहा आठवडे भरण्याआधी पहिला डोस द्यायचा नसतो आणि दोन डोसांत किमान चार आठवडे अंतर लागते. म्हणून १२ फेब्रुवारीचा डोस १८ फेब्रुवारीला, नंतरचे १८ मार्चला आणि १५ एप्रिलला. एखादा डोस उशिरा झाला तर पुढचीही तारीख सरकते. तेव्हा प्रत्यक्ष दिलेली तारीख लिहिली की पुढच्या तारखा नव्याने निघाव्यात, अशीही सोय त्या मुलीने केली. अर्थात शेवटचा शब्द सिस्टरचा आणि कार्डाचा. यंत्र फक्त आठवण देते.

कोणी म्हणेल, आता सरकारची 'यू-विन' ही संगणकीय नोंदणी आहे, संदेश येतो, मग हा खटाटोप कशाला? संदेश येतो हे चांगलेच आहे. पण तो नोंदवलेल्या एका क्रमांकावर येतो. तो क्रमांक बहुधा आईचा असतो, किंवा बंद पडलेल्या सिमचा. पुन्हा सगळे एकाच डोक्यावर. आम्हाला हवे होते ते चौघांच्या डोक्यावर.

आत काय चालते?

आता प्रोग्रामचे काम पाहू. गूगलच्या शीटमध्ये एक साधा तक्ता केला. काय आहे, कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू, किती वाजता संपणार आणि कोण जाणार, असे पाच रकाने. त्या शीटलाच जोडून 'ॲप्स स्क्रिप्ट' नावाची जागा असते, तिच्यात प्रोग्राम लिहितात. प्रोग्राम तक्त्याची एकेक ओळ वाचतो आणि कॅलेंडरला हुकूम देतो की या नावाची, या वेळेची नोंद कर आणि या माणसांना बोलाव. साध्या जीमेल खात्यावर हे फुकट होते. शंभर ओळी असल्या तरी हाताने एकेक भरत बसायला नको.

एका फोनवरची नोंद दुसऱ्या कंपनीच्या फोनला कशी समजते, हाही प्रश्न आम्ही विचारला. त्यामागे जगातल्या लोकांनी मिळून ठरवलेली एक भाषा आहे. १९९८ साली फ्रँक डॉसन आणि डेरिक स्टेनरसन या दोघांनी लिहिलेला 'आयकॅलेंडर' नावाचा नमुना प्रसिद्ध झाला. एक लोटस कंपनीतला, दुसरा मायक्रोसॉफ्टमधला, म्हणजे बाजारातले प्रतिस्पर्धी. २००९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. नोंदीची सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, किती दिवसांनी परत यायचे तो नियम आणि त्या नोंदीची स्वतःची ओळख कशी लिहायची, हे त्यात ठरले. पत्राच्या पाकिटावर पत्ता कुठे व तिकीट कुठे हे ठरलेले असते म्हणून ते कोणत्याही पोस्टात चालते, तसेच हे.

चुका झाल्या त्या अशा

प्रोग्राम पहिल्या दिवशी नीट चालला असे मात्र कोणी समजू नये. मुलीने तक्त्यात लसींबरोबर चाळीच्या कार्यक्रमांच्याही तारखा घातल्या होत्या. पाहतो तो ६ डिसेंबरची नोंद १२ जूनला जाऊन बसलेली! आम्ही लिहिले होते ०६/१२. आपण आधी दिवस लिहितो, नंतर महिना. अमेरिकेत आधी महिना, नंतर दिवस. शीटची सेटिंग अमेरिकेची होती, म्हणून तिने सहाव्या महिन्याची बारा तारीख घेतली. १४/०४ मात्र तिला कळेचना, कारण चौदावा महिना जगात कुठेच नाही. तिथे निदान गडबड दिसली तरी. ०६/१२ ची चूक गुपचूप झाली, आणि अशाच चुका जास्त घातक. शीटच्या सेटिंगमध्ये भारत हा देश निवडल्यावर हे सुधारले.

दुसरी चूक महिन्यांची. ज्या भाषेत हा प्रोग्राम लिहितात ती जावास्क्रिप्ट १९९५ साली तयार झाली. तिच्यात महिने एकपासून नव्हे, शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. प्रोग्राममध्ये थेट चौथा महिना लिहिला की १४ एप्रिलची जयंती १४ मेला जाते! तिथे ३ लिहावे लागते.

तिसरी चूक वेळेची. प्रोग्रामचे स्वतःचे घड्याळ वेगळे लावावे लागते. ते न्यूयॉर्कच्या वेळेवर राहिले तर उन्हाळ्यात सकाळी १० ची नोंद आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला दिसते. घड्याळांचा हा घोळ आपल्या मुंबई-ठाण्याला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, परंतु मुंबईची जुनी वेळ तिच्यामागे ३९ मिनिटे होती. नव्या वेळेला त्या वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांनी विरोध केला होता, कारण घड्याळ पुढे गेले की कामगाराला अंधारातच घर सोडावे लागते. मुंबई महापालिकेने तर जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे चालवली. घड्याळ कोणाचे लावायचे, हा प्रश्न कष्टकऱ्याच्या झोपेचा प्रश्न असतो. कामाच्या तासांचेही तेच. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते वाचलेले तास घराला मिळावेत म्हणून. ते तास कोणत्या दिवशी कोणाच्या हाती आहेत हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावे, एवढेच या कॅलेंडरचे काम.

चौथी चूक दुसऱ्याच दिवशी कळली. दोन नव्या ओळी घालून प्रोग्राम पुन्हा चालवला, तर जुन्या सगळ्या नोंदी दुप्पट झाल्या. आजीच्या फोनवर एकाच लसीची दोनदा घंटा. यंत्राला 'हे मी काल केले आहे' असे आपोआप समजत नाही. उपाय असा की नोंद झाली की तिचा ओळखक्रमांक तक्त्याच्या सहाव्या रकान्यात लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी तो रकाना भरलेला दिसला की नवी नोंद करायची नाही, जुनीच दुरुस्त करायची.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सामाईक कॅलेंडर चौघांना दिसत होते, पण आठवणीची घंटा फक्त त्या मुलीच्याच फोनवर वाजली! कारण गूगलच्या कॅलेंडरमध्ये नोंद सामाईक असली तरी घंटा ज्याची त्याची असते. प्रोग्राम ज्याच्या खात्यातून चालतो त्याच्यापुरतीच घंटा लागते. बाकीच्यांनी आपापल्या फोनवर त्या कॅलेंडरची सूचना एकदा चालू करावी, नाहीतर त्यांना नोंदीत पाहुणे म्हणून बोलवावे, म्हणजे ती त्यांच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये जाते.

पौर्णिमा यंत्राला कळत नाही

१४ एप्रिल, ६ डिसेंबर, १४ ऑक्टोबर या तारखा दरवर्षी त्याच. त्यांना 'दरवर्षी' हा एकच नियम पुरतो. पण बुद्ध पौर्णिमा २०२४ साली २३ मे रोजी होती, २०२५ साली १२ मे रोजी आणि २०२६ साली १ मे ही तारीख, म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात, म्हणून पौर्णिमा दरवर्षी अकराएक दिवस आधी येते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे सरकते. 'दरवर्षी' हा नियम इथे लावला तर पुढच्या वर्षी वंदनेला कोणीच जमणार नाही. पौर्णिमांच्या तारखा दिनदर्शिकेत पाहून तक्त्यात हाताने लिहाव्यात. एका माणसाने वर्षातून एकदा अर्धा तास बसावे, सगळ्या वस्तीचे काम होते.

सगळ्यांना सगळे दाखवू नये

सामाईक करताना कोणाला काय दिसणार हे ठरवता येते. काहींना फक्त 'या वेळी मोकळे नाही' एवढेच दिसावे, काहींना पूर्ण मजकूर, काहींना बदल करण्याची मुभा. आमचा सल्ला असा की बदलाची मुभा घरातल्या दोघांनाच द्यावी. कॅलेंडर 'सार्वजनिक' तर मुळीच करू नये. कोणाचे आजारपण, कोणाचे कोर्टाचे काम नावानिशी लिहू नये. 'दवाखाना, सकाळी ९' एवढे पुरे. आजार ही त्या माणसाची खासगी गोष्ट आहे, ती आत्याच्या जावयाच्या फोनवर जायला नको.

आणखी एक अडचण आपल्या घरांतली. फोन घेताना दुकानदारानेच जीमेल खाते उघडून दिलेले असते, त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. फोन हरवला की सगळे गेले. तेव्हा प्रथम प्रत्येकाने आपल्या खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून पेटीत ठेवावा. बाळाच्या आजीकडे साधाच फोन असेल तर महिन्याचा तक्ता छापून भिंतीला लावावा. आमच्या शेजारच्या आजींनी फोनवरची घंटा बंदच करून टाकली. त्यांना छापील कागदच बरा वाटतो. त्यावर बोट ठेवून त्या नातवाची तारीख वाचतात आणि मुलाला विचारतात, "बुधवारी तूच जाणार ना रे?"

पाचवा रकाना

हाच प्रश्न महत्त्वाचा. कॅलेंडर घरातले काम करत नाही. ते फक्त काम चौघांसमोर ठेवते. त्या तक्त्यातला 'कोण जाणार' हा पाचवा रकाना मुलीने सुरुवातीला केलाच नव्हता. तो बाळाच्या आईने मागून घेतला. ती म्हणाली, "तारीख मला तशीही आठवते गं. जाणाऱ्याचं नाव लिही." रकाना रिकामा असेल तर प्रोग्राम नोंद करत नाही, लाल रंग दाखवतो. म्हणजे आधी घरात बसून ठरवावेच लागते. नऊ महिन्यांच्या लसीसमोर वडिलांचे नाव होते. त्यांनी पाळी बदलून घेतली, बाळाला घेऊन रांगेत उभे राहिले आणि घरी येऊन सांगितले, "आज तिथं बाप मी एकटाच होतो." आजी म्हणाल्या, "पुढच्या वेळी आणखी एखादा येईल."

त्या ताईंना आजही सगळ्या तारखा पाठ आहेत. ही सवय एका वर्षात जाणार नाही. पण तारीख चुकली तर दोष त्यांचा एकटीचा, हे आता त्या घरात राहिलेले नाही, आणि आम्हाला ही गोष्ट लहान वाटत नाही.

आपल्या वस्तीत संगणक शिकणारी मुले-मुली आता घराघरांत आहेत. ती शिकतात ते नोकरीसाठी, आणि नोकरी मिळालीच पाहिजे. परंतु शिकलेले पहिल्यांदा आपल्या घरात, आपल्या चाळीत वापरून पाहिले तर हातही बसतो आणि चार माणसांचे कामही होते. एका रविवारी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा कागदावर काढाव्यात. लस, परीक्षा, अर्जाची मुदत, औषध, पाळी, सगळे. प्रत्येकीसमोर एक नाव लिहावे आणि ते नाव दर वेळी आईचेच नसावे. एवढे झाले की मग प्रोग्रामचे काम सुरू होते. ते काम तुमची मुलगी एका संध्याकाळी करून देईल.